संसारातल्या चार गोष्टी : गाडीतला फोन आणि घरातल्या आपण



संगमनेरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. घरात नवी मोठी गाडी आली. दारात उभी राहिली की अख्खी गल्ली वळून बघते म्हणे. पेढे वाटून झाले, बॉनेटवर स्वस्तिक काढून झालं, चाकाखाली लिंबं ठेवून झाली. या गाडीत फोनची सोय आहे. फोन खिशातच राहतो, आवाज गाडीतून येतो, स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की बोलायला सुरुवात. त्या लिहितात, "ह्यांना आठवड्यातून तीनदा पुण्याला जावं लागतं. पूर्वी एका हातात फोन आणि एका हातात स्टिअरिंग असायचं, माझा जीव टांगणीला लागायचा. आता मी रस्त्यात फोन केला तरी हरकत नाही ना? तेवढी तरी काळजी मिटली."

या बाईंचा आनंद मला कमी करायचा नाही. पण त्यांनी विचारलंच आहे तर खरं उत्तर द्यायला हवं. हात मोकळे झाले हे चांगलंच झालं. काळजी मात्र मिटलेली नाही, आणि ती कमी करणं बरंचसं त्यांच्याच हातात आहे. ते कसं, हे सांगण्याआधी ही सोय आहे तरी काय ते बघू या. गाडीतलं शास्त्र पुरुषांनीच समजून घ्यायचं असा काही नियम नाही. प्रेशर कुकरचा व्हॉल्व्ह कसा काम करतो हे आपण शिकलोच की!

गाडीतला फोन ही गोष्ट वाटते तेवढी नवी नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९४६ साली पहिल्यांदा मोटारीतून टेलिफोन करण्याची सेवा सुरू झाली. त्या यंत्राचं वजन ३६ किलोच्या आसपास होतं, म्हणजे दळणाचे दोन-तीन मोठे डबे डिकीत टाकून फिरण्यासारखंच. आपल्याकडे मोबाईलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झालं, कोलकात्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात. योगायोग बघा, त्याच १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीज गाड्या तयार व्हायला लागल्या. पुढच्याच वर्षी या कंपनीने परदेशात आपल्या सगळ्यांत मोठ्या गाडीत बोलून फोन लावायची सोय दिली. नाव उच्चारायचं, गाडी फोन लावणार. 'लिंग्वाट्रॉनिक' असं भारदस्त नाव होतं त्याला. आता ह्याच कंपनीचा कारखाना चाकणला आहे, आणि आमच्या संगमनेरच्या भगिनीचे यजमान आठवड्यातून तीनदा त्याच चाकणच्या चौकात अडकून बसत असणार!

एक गोष्ट लक्षात घ्या हं. अशा गाड्यांचे मालक तेव्हा बहुतेक मागच्या सीटवर बसायचे. पुढे ड्रायव्हर, मागे शेठ. शेठने फोनवर कितीही वेळ बोलावं, सौदे करावेत, मुनिमाला झापावं. रस्त्याकडे बघणारा माणूस वेगळा होता. आता शेठ स्वतः पुढे येऊन बसले, ड्रायव्हर गेला, आणि फोन मात्र राहिला. सगळी गोम इथे आहे.

आज फोन आणि गाडी एकमेकांशी बोलतात ते ब्लूटूथने. जवळच्या जवळ चालणाऱ्या छोट्या रेडिओसारखं ते असतं. वायर लागत नाही. १९९८ साली काही मोठ्या कंपन्यांनी मिळून हे ठरवलं आणि नाव दिलं दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड नावाच्या राजाच्या टोपणनावावरून. त्याचा अर्थ निळा दात! राजाने म्हणे वेगवेगळ्या टोळ्या एकत्र आणल्या होत्या, तशी ही यंत्रं एकत्र आणायची. असो. २०१४-१५ पासून अॅपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो आले आणि फोनमधले नकाशे, गाणी, निरोप सगळंच गाडीच्या पडद्यावर दिसू लागलं. आधी जे मर्सिडीज-बीएमडब्ल्यूत होतं ते आता आपल्या साध्या गाडीतही येतं. म्हणून आजचं पान फक्त श्रीमंतांचं आहे असं समजून उलटू नका.

बोलणं ऐकायला एक छोटा माइक असतो, बहुधा छतावरच्या दिव्याजवळ. समोरच्याचा आवाज स्पीकरमधून येतो आणि तोच आवाज परत माइकमध्ये शिरतो. तो वजा करण्याचं काम यंत्राला करावं लागतं, नाहीतर आपलंच बोलणं आपल्याला विहिरीत ओरडल्यासारखं परत ऐकू येतं. एसीचा झोत वर माइककडे वळवला असेल किंवा काच उघडी असेल तर यंत्र गोंधळतं. मग पलीकडून "काय? काय म्हणालात?" सुरू होतं आणि गाडीतला माणूस ओरडायला लागतो. झोत खाली वळवा, काच लावा. निम्मा गोंधळ थांबतो.

आता घरगुती भानगडी. यावर कंपनीच्या पुस्तकात एक ओळ सापडायची नाही.

आवाज चारी स्पीकरमधून येतो, म्हणजे गाडीतल्या सगळ्यांना येतो. मागे सासूबाई बसलेल्या आहेत, शेजारी नणंद आहे, आणि राहुरीहून आईचा फोन आला. आईला काय माहीत गाडीत कोण आहे! ती मोकळेपणाने सुरू करते, "काय गं, गेल्या का त्या एकदाच्या?" पुढचं मी लिहीत नाही. अशा एका वाक्याने शिर्डीपर्यंतचा प्रवास कसा होतो ते ज्यांनी सोसलं आहे त्यांनाच ठाऊक. तेव्हा गाडीत फोन आला की पहिलं वाक्य ठरवूनच ठेवा, "आई, गाडीत आहे, सगळे ऐकताहेत." आणि माहेरीही सांगून ठेवा की हे वाक्य ऐकलं की फक्त खुशाली विचारायची. पैशाचं, दुखण्याचं, लग्नाच्या बोलणीचं घरी आल्यावर. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्यालाही कान आहेत, हे विसरू नका.

दुसरी गंमत. तुमचा फोन एकदा गाडीला जोडला की गाडी तो लक्षात ठेवते. तुम्ही स्वयंपाकघरात बहिणीशी बोलताय, बाहेर पोर्चमध्ये ह्यांनी गाडी सुरू केली, आणि तुमच्या हातातला फोन एकाएकी मुका! तुमची बहीण आता गाडीत बोलते आहे आणि हे ऐकताहेत. भुताटकी नाही, ब्लूटूथ आहे. फोनच्या पडद्यावर आवाज कुठून यावा ते निवडायची खूण असते, ती दाबून फोन परत घ्या. वारंवार होत असेल तर गाडीच्या यादीतून आपला फोन काढून टाका. ह्यांच्या गाडीला ह्यांचा फोन पुरे.

नावांचंही तसंच. बोलून फोन लावायचा तर 'आई', 'आई २', 'आई घर' अशी नावं ठेवून चालत नाही. यंत्र आपलं उच्चारलेलं नाव नीट पकडेलच असं नाही. ताईला लावलेला फोन तायडेंना जातो. गावासकट नाव ठेवा, 'आई राहुरी', 'काकू श्रीरामपूर'. सासूबाईंचं नाव तर असं ठेवा की आणखी कुणाशी घोटाळा होणारच नाही!

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. आता जरा गंभीरपणे वाचा.

हात मोकळे झाले की धोका गेला, असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याला हात दिसतात. फोन कानाला लावलेला माणूस डोळ्यांना दिसतो म्हणून भीती वाटते. मनात काय चाललं आहे ते दिसत नाही. पण गाडी चालवतं ते मन. कॅनडात टोरांटोला दोन शास्त्रज्ञांनी ६९९ ड्रायव्हरांची फोनची बिलं आणि त्यांच्या अपघातांच्या वेळा ताडून पाहिल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापला. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका जवळजवळ चौपट होता. आणि हात न लावता बोलायच्या फोनमुळे तो कमी झाल्याचं काही दिसलं नाही. त्यानंतर अमेरिकेत यूटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेअर यांनी खोट्या रस्त्यावर, म्हणजे पडद्यासमोरच्या नकली गाडीत, माणसांना बसवून हेच वेगवेगळ्या रीतीने तपासलं. त्यांना असं दिसलं की हँड्सफ्रीवर बोलणाऱ्याची नजर रस्त्याकडेच्या पाटीवर पडते, पण नंतर विचारलं तर ती पाटी पाहिल्याचं त्याला आठवत नाही. डोळे उघडे, नजर समोर, आणि दिसलेलं मनात उतरतच नाही.

आपल्याला हे पटायला जड जाऊ नये. गॅसवर दूध ठेवून आपण फोनवर बोलत असतो. तोंड ओट्याकडेच असतं. दूध वर येताना डोळ्यांसमोर येतं आणि ओट्यावर पसरल्यावर कळतं. दोन्ही हात मोकळे होते की नाही? दूध गेलं तर ओटा पुसता येतो. चंदनापुरीच्या घाटात समोर ट्रक असतो.

आणि रस्ते आपले कसे आहेत? गळीत हंगामात संध्याकाळी प्रवरेच्या बाजूला, राहुरी-कोल्हारकडे जाऊन बघा. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागे लाल दिवा नाही, कधी चाक पंक्चर होऊन रस्त्यातच उभ्या. आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी जिल्ह्यातूनच पंढरपूरला जाते, तिच्या दिंड्या रस्त्याच्या कडेने चालत असतात. शिर्डीला पायी येणारे तर वर्षभर. समृद्धी महामार्ग कोपरगावच्या बाजूने जातो. तिथे रस्ता इतका सरळ आहे की मनाला काही कामच उरत नाही, आणि मग हात आपसूक फोनच्या बटणाकडे जातो. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. "हो, हो, आणतो" म्हणेपर्यंत केवढा रस्ता मागे पडला, हिशेब करा.

फोन ठेवला म्हणजे मन लगेच परत येतं, असंही नाही. यूटाच्याच मंडळींनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की गाडीशी बोलून फोन लावणं, गाणं बदलणं, निरोप पाठवणं अशी किचकट कामं केली, तर त्यानंतर २७ सेकंदांपर्यंत लक्ष पुरतं जागेवर येत नाही. ८० च्या वेगाने २७ सेकंद म्हणजे ६०० मीटर. फोन बंद झाला म्हणून आपण निश्चिंत, आणि अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर गाडी अर्ध्या लक्षाने चाललेली.

इथे एक शंका तुमच्या मनात आली असेल. मी शेजारी बसून बोलते तेव्हा काय? माझंही बोलणं बंदच करायचं का? नाही, बाई. हाच या सगळ्यातला फार समजून घेण्याजोगा भाग आहे. २००८ साली यूटात आणखी एक प्रयोग झाला. ड्रायव्हरला सांगितलं, बोलता बोलता गाडी चालवा आणि पुढच्या विश्रांतीच्या जागी वळून थांबा. काहींच्या शेजारी मैत्रीण किंवा मित्र बसला होता, काहींचा तोच मित्र हँड्सफ्री फोनवर होता. शेजारी माणूस असलेले बहुतेक जण बरोबर वळले. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे ती जागा मागे टाकून पुढे गेले! कारण साधं आहे. शेजारच्या माणसाला रस्ता दिसतो. समोर म्हैस आली की आपण वाक्य अर्धवट सोडतो, "अहो, सांभाळा" म्हणतो, वळण आलं की आपणच सांगतो. फोनवर असलेल्या माणसाला म्हैस दिसत नाही. तो बोलतच राहतो, आणि उत्तराची वाट बघतो. ड्रायव्हर गप्प झाला तर वर विचारतो, "ऐकताय ना?"

आपल्या नगरलाच याचं एक चांगलं उदाहरण आहे. रणगाड्यांचं संग्रहालय तुम्ही मुलांना दाखवलं असेल. १९९४ पासून आहे. झाकण बंद केल्यावर रणगाडा चालवणाऱ्या जवानाला बाहेरचं फार थोडं दिसतं. त्याच्या कानावर टोपातून सारखा आवाज येत असतो, हात मोकळेच असतात, म्हणजे हँड्सफ्रीच झालं की! पण तो आवाज असतो वर बसलेल्या कमांडरचा, जो पुढचं बघतो आहे आणि त्याच्याचसाठी बोलतो आहे. त्याच्या कानात कुणी कोथिंबिरीचा भाव सांगत नाही.

तेव्हा संगमनेरच्या भगिनीला माझं सांगणं हे, की गाडीतल्या फोनचं एक टोक यजमानांकडे आहे तसं दुसरं तुमच्याकडे आहे. गाडी चालवणाऱ्याला येणारे फोन कुणाचे असतात, जरा आठवून बघा. धंद्याचे असतात, ते तुमच्या हातात नाहीत. पण "कुठे पोचलात?", "जेवायला आहात ना?", "सिलिंडर आला का नाही ते विचारलं का?", "येताना नारायणगावला टोमॅटो घ्या", हे आपलेच. त्यात प्रेम आहे, काळजी आहे, सगळं मान्य. पण "कुठे पोचलात?" हे विचारून माणूस लवकर पोचत नाही.

आणि एक फोन तर कधीच करू नये, तो म्हणजे भांडणाचा. सकाळी काहीतरी बिनसलेलं असतं, दुपारी ते डोक्यात शिजतं, आणि हे घाटात असताना आपण फोन लावतो. घरात असते तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला असता. गाडीत पळायला जागा नाही. आवाज चारी बाजूंनी येतो. राग आलेल्या माणसाचा पाय कशावर पडतो ते सांगायला नको. भांडण कितीही न्याय्य असलं तरी ते रात्री आठ वाजता घरी करा, मी तुमच्या बाजूने आहे.

वाईट बातमीचंही असंच. कुणाला दवाखान्यात हलवलं, कुणी गेलं, तर घाईघाईने गाडी चालवणाऱ्याला सांगू नका. आधी विचारा, "गाडी चालवताय? बाजूला घ्या, थांबलात की मला फोन करा." एवढंच. त्याने "काय झालं?" विचारलं तरी "थांबल्यावर सांगते". दहा मिनिटं उशिरा कळल्याने काही बिघडत नाही.

मग काळजीचं करायचं काय? ती तर येणारच. त्यासाठी एक सोय आहे, तीही फुकटची. व्हॉट्सअॅपवर आपण कुठे आहोत ते दाखवत राहण्याची सोय असते, पाव तास, एक तास किंवा आठ तासांसाठी. निघण्यापूर्वी घरातल्या घरात त्यांच्याकडून ते आठ तासांसाठी चालू करून घ्या. मग तुम्ही चहा पिता पिता बघा, ठिपका आळेफाट्याला आहे की मंचरला. विचारायला नको, उत्तर द्यायला नको. फक्त एक ध्यानात ठेवा. अकोल्याकडे भंडारदऱ्याच्या डोंगरात रेंज जाते आणि ठिपका जागच्या जागी थांबतो. ठिपका थांबला म्हणजे गाडीला काही झालं असं समजून शंभर फोन करू नका.

फोनमध्येच गाडी चालवतानाची एक सोय असते. ती लावली की फोन वाजत नाही. आयफोनमध्ये तर 'मी गाडी चालवत आहे' असा निरोप समोरच्याला आपोआप पाठवण्याचीही तजवीज आहे. मुलाला सांगितलंत तर तो पाच मिनिटांत लावून देईल. धंद्याच्या फोनांवर हा उतारा चालतो. नाहीतर ठरवून टाकावं की दीड तासाने चहाला थांबायचं आणि राहिलेले फोन तेव्हा करायचे. पाठ मोकळी होते, पोटात दोन घास जातात. आणि तुम्ही गाडीत असाल तर गाडीचा पडदा, नकाशा, फोन सगळं तुमच्याकडे घ्या. त्यांनी रस्ता बघावा, तुम्ही फोन घ्यावा. "ते गाडी चालवताहेत, काय निरोप आहे?" हे वाक्य कितीही मोठ्या साहेबाला ऐकवायला लाजायचं कारण नाही.

कायदा काय म्हणतो, हेही काही जणी विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरलेला फोन वापरणं हे धोकादायक चालवण्यात घातलं आहे. पहिल्या गुन्ह्याला कायद्यात एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही सांगितलं आहे. २०२० च्या नियमांनी रस्ता दाखवण्यापुरता फोन वापरायला मुभा दिली, तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. कायद्यातले शब्द 'हातात धरलेल्या' उपकरणाचे आहेत, म्हणून गाडीतल्या फोनवाल्यांना वाटतं आपण सुटलो. दंडातून सुटलो एवढाच त्याचा अर्थ.

आणि आता आपल्याकडे वळते. गाडी फक्त हेच चालवतात असे दिवस गेले. मुलीला क्लासला सोडणं, भाजी, बँक, सगळं आपण स्कूटरवर करतो. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला असतो आणि त्या स्कार्फमध्ये कानाशी फोन खोचलेला! नगरच्या दिल्ली गेटपाशी दहा मिनिटं उभं राहिलं तर अशा पाच-सहा जणी दिसतील. हेही हँड्सफ्रीच, बिनपैशाचं. वर एक कान बंद, म्हणजे मागच्या बसचा हॉर्नही ऐकू येत नाही. मर्सिडीजमधल्या माणसाभोवती निदान पत्रा असतो आणि फुगणाऱ्या पिशव्या असतात. तुमच्याभोवती ओढणी आहे. यजमानांना उपदेश करण्याआधी तो फोन पर्समध्ये टाका, नाहीतर ते आपलं ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

मोठ्या गाड्यांतली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. काही गाड्यांत छतापाशी 'एसओएस' लिहिलेलं लाल बटण असतं. जोराचा अपघात होऊन पिशव्या फुगल्या तर गाडी आपोआप मदतीसाठी फोन लावते आणि आपण कुठे आहोत ते कळवते. युरोपात तर २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना ही सोय असणं सक्तीचं आहे. तुमच्या गाडीत असेल तर ती आपल्याकडे चालू आहे का, तिची मुदत किती, पुढे पैसे भरावे लागतात का, हे शोरूममध्ये तोंडी नको, लिहून घ्या. गाडीत ते बटण नसेल तर ११२ हा क्रमांक घरात सगळ्यांना पाठ हवा, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

कोपरगावच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे की जुनी गाडी विकायला काढली आहे, तर फोनच्या बाबतीत काही करावं लागतं का? अगदी करावं लागतं. फोन जोडताना 'नावांची यादी द्यायची का?' असं गाडी विचारते आणि आपण 'हो' म्हणतो. तेव्हा तुमच्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर, कुणाला कधी फोन केला ती यादी, घराचा पत्ता नकाशात साठवला असेल तर तोही, गाडीच्या पोटात जातो आणि तिथेच राहतो. आपण विकताना डिकीतली छत्री काढतो, डॅशबोर्डवरचे बाप्पा काढतो, आणि हे तसंच देऊन टाकतो. गाडीच्या पडद्यावर सेटिंगमध्ये जाऊन सगळं पुसून पहिल्यासारखं करण्याची सोय असते, ती वापरा. फोनमधूनही त्या गाडीचं नाव काढा. भाड्याने गाडी घेतलीत तर परत देताना हेच करा. किंवा भाड्याच्या गाडीला फोन जोडूच नका, गाणी रेडिओवर ऐका.

पुढच्या आठवड्यात साखरेच्या पाकातला आवळा काळा का पडतो, या श्रीगोंद्याच्या प्रश्नाकडे वळू.